वहिवाट

आबांनी काढलेला तो नकाशा अजून माझ्या कपाटात आहे. पिवळट पडलेला ट्रेसिंग कागद, घडीवर घडी पडून चार ठिकाणी विरलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. त्यावर गावांच्या शिवा, ओढे, गट नंबर, आणि या सगळ्यातून वळणं घेत जाणारी एक तुटक रेष. आबा शाहूवाडी तालुक्यात तलाठी होते. आपल्या सजातल्या गावांचे नकाशे त्यांच्या हाताशी असत. शेजारचे त्यांनी ओळखीच्या तलाठ्यांकडून बघायला मागून घेतले. रविवारच्या दुपारी सोप्यात बसून एकेक गाव उतरवत त्यांनी पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंतची वाट जोडत नेली. खळ लावून चिकटवलेले ते तुकडे उलगडले की आमचं माजघर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरायचं.

"एक तुटक रेष म्हणजे पायमार्ग," ते मला सांगायचे. "सव्वाआठ फूट रुंद. दोन तुटक रेषा शेजारी शेजारी आल्या की गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. आपली वाट बघ, बहुतेक एकेरीच आहे."

एका गावाच्या शिवेवर येऊन थांबलेली रेष पुढच्या गावाच्या नकाशात चार बोटं सरकून सुरू व्हायची. शाळकरी वयात मला ती चूक वाटे आणि मी पेन्सिलने ती जोडायला जाई. आबा हात धरायचे. मोजणीदार वेगळे, दिवस वेगळे, साखळी वेगळी, म्हणून रेष सरकते, ते म्हणायचे. चालणाऱ्याचं पाऊल कुठं सरकतंय?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हे गावनकाशे म्हणजे १६६० चा पुरावा नव्हे. ते इंग्रजी अमदानीत सुरू झालेल्या मोजणीतून तयार झाले, म्हणजे महाराज या मुलखातून गेले त्यानंतर दोनशे वर्षांनी. पण या वाड्यांतली माणसं बाजाराला, लग्नाला, गुरं घेऊन कुठून जात होती, ते त्या रेषा नेमकं सांगतात. डोंगरात वाटा माणूस मनाला येईल तशा पाडत नाही. पाणी, उतार आणि कडा जिथून जाऊ देतील तिथूनच तो जातो, आणि त्याच्या आधी गुरं गेलेली असतात. त्या रात्री पालखी खांद्यावर घेऊन धावणाऱ्यांनाही तोच डोंगर होता.

गोष्ट प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, पण ती ठिकाणांच्या नावांनी ठाऊक आहे. पन्हाळा, घोडखिंड, विशाळगड. मार्च १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर आले आणि आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने गडाला वेढा दिला. चार महिने तो हलला नाही, पाऊस सुरू झाला तरी हलला नाही. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडून पाहिला, जमलं नाही. इकडे पुण्यात शाहिस्तेखान येऊन बसलेला आणि चाकणच्या किल्ल्याला त्याने वेढा घातलेला. मग शरण येण्याची बोलणी लावून वेढा ढिला करणं, आषाढ पौर्णिमेच्या रात्री राजदिंडीतून बाहेर पडणं, दुसऱ्या पालखीत शिवा काशीद, त्याचं बलिदान, सिद्दी मसूदचा पाठलाग, खिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची फौज, आणि विशाळगडावरून झालेले तोफांचे आवाज. गोष्ट या टप्प्यावरून त्या टप्प्यावर उडी मारत जाते. मधले साठेक किलोमीटर गोष्टीत नसतात.

मला ते मधले किलोमीटर मिळाले ते १९९७ च्या गुरुपौर्णिमेला. मी कॉलेजात होते. आबा, त्यांचे दोन मित्र आणि मी. आईने भाकरी, खर्डा आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. आबांचा हट्ट एकच: तारखेला जायचं नाही, तिथीला जायचं. बारा जुलै ही पुस्तकातली तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतली आहे. आजच्या कॅलेंडरावर मांडली तर ती बावीस जुलै होते. दहा दिवसांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण आमच्याकडे जुलैतले दहा दिवस म्हणजे ओढ्याला कमरेइतकं पाणी वाढणं, तरवा उपटून रोप लागणं, वाट मुरुमाची होती ती शाडूसारखी होणं. आणि चंद्र! तारखेला गेलात तर तो एखाद्या वर्षी अमावास्येचाही असतो.

आम्ही रात्री निघालो. राजदिंडीतून खाली उतरताना आबांनी बॅटऱ्या बंद करायला लावल्या. मला भीती वाटली, हे कबूल करते. आभाळ गच्च भरलेलं, पाऊस बारीक, चंद्र कुठेच नाही. पण पाच-दहा मिनिटांत डोळे सरावले, तेव्हा कळलं की पौर्णिमेचा ढग काळा नसतो, राखाडी असतो. त्या राखाडी उजेडात गवत काळं दिसत होतं आणि त्यातून वाट फिकट दिसत होती, कारण पायांनी खोल गेलेल्या त्या चरात पाणी साठलं होतं आणि आभाळाचा होता तेवढा उजेड त्याने धरला होता. वाट अक्षरशः दिसत होती. कागदावरच्या तुटक रेषेसारखीच: थोडं पाणी, मग दगड, पुन्हा थोडं पाणी.

त्या रात्री मला पहिल्यांदा पालखीच्या दांड्याखालचे भोई आठवले. आजवर गोष्टीत ते कधी डोळ्यांपुढे आलेच नव्हते. सहाशे मावळे बरोबर होते म्हणतात. पण भोई या चिखलात, या उतारावर, खांद्यावर वजन घेऊन, घसरलं तर संपलं अशा वेगाने चालले असतील. पुढच्याचं पाऊल जिथे पडलं तिथेच मागच्याचं पडायला हवं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांची पावलं जिथे टेकली ती जमीन तेवढी आहे.

म्हाळुंगे मागे टाकून मसाई पठारावर चढलो तेव्हा उजाडायला आलं होतं. मसाईचं पठार ज्यांनी पावसाळ्यात पाहिलं नाही त्यांना कसं सांगावं? जांभ्या दगडाचा अफाट सपाट माथा, त्यावर आडवा पाऊस, आणि धुकं असं की हात लांब केला तर बोटं पुसट दिसावीत. वारा एका कानातून शिरतो. कड्याचा अंदाज येत नाही. अशा ठिकाणी वाट चुकली तर माणूस स्वतःभोवती गोल फिरत राहतो. आबांनी मला खाली वाकून बघायला सांगितलं. जांभ्यावर जिथे पाय पडत आले तिथे दगडाची धार मोडलेली असते, बारीक खडे बाजूला झालेले असतात, शेवाळ कमी असतं. बाजूचा दगड मात्र स्पंजासारखा खरबरीत, भोकाभोकांचा. आम्ही मसाईच्या देवळापर्यंत असेच जमीन वाचत गेलो. पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी. वाड्यांची ही नावं आबा अशी म्हणायचे, जणू माळ ओढताहेत.

तेव्हापासून मी ही वाट सतरा वेळा चालले आहे. आबा शेवटचे आले २००८ साली, गुडघ्याला पट्टा बांधून, फक्त आंबेवाडीपर्यंत.

या पंचवीस-तीस वर्षांत वाटेचं जे झालं ते सांगायला मी बसले आहे. आता जुलैत इथे हजारो माणसं येतात. कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई, बेळगाव. शिबिरं लागतात, वाड्यांमधून मुक्काम पडतात, आंबेवाडीच्या आसपास रात्री पोवाड्याचा डफ ऐकू येतो. शाळेतली पोरं अनवाणी चालताना पाहिली की माझा ऊर भरून येतो, आणि यात खोटं काही नाही. ज्या वाटेवर आम्ही चौघे होतो तिथे आज एवढी माणसं आपल्या पायांनी येतात, या गोष्टीचा मला आनंदच आहे. पण एका दिवसात तीन हजार पायांखाली ओला उतार गेला की काय होतं तेही मी पाहिलं आहे. वाटेचा चर गुडघाभर खोल होतो. मागून येणारा चिखल चुकवायला कडेने जातो, त्याच्या मागचा त्याच्याही कडेने. एका पावसात एका वाटेच्या सात वाटा होतात. शेजारी नाचणीचं किंवा भाताचं शेत असेल तर त्याचा बांध फुटतो. पावसाचं पाणी त्या सातही चरांतून धावतं आणि माती खाली ओढ्याला नेऊन घालतं. गोळ्यांचे कागद आणि पाण्याच्या बाटल्या वेचून आणता येतात, आम्ही पोती भरून आणल्याही आहेत. वाहून गेलेली माती कशात भरून आणणार?

आणि मग त्या दोन-तीन आठवड्यांनंतर उरलेलं वर्षभर कुणीच नाही.

हे दुसरं मला जास्त घोर लावतं. म्हसवड्याच्या अलीकडे एका धनगरवाड्यावर एक आजी आहेत. गेली कित्येक वर्षं मी त्यांच्या ओसरीला टेकते. एकदा मी जानेवारीत गेले. जुलैत जी वाट डोळे मिटून सापडते ती मला सापडेना. कारवी दोन्हीकडून मिटलेली, गवत छातीइतकं वाळून आडवं पडलेलं. मी आजींना विचारलं, वाट गेली कुठं? त्या म्हणाल्या, "गुरं न्हाईत बाय आता. धा म्हशी हुत्या, दोन ऱ्हायल्या. पोरगा इचलकरंजीला हाय. गुरं फिरली की वाट ऱ्हाती. मानसं काय, येत्यात नि जात्यात."

त्या वाक्यापुढे माझ्या सगळ्या योजना थांबल्या. आम्ही वारसा वारसा म्हणत होतो आणि वाट जिवंत ठेवली होती म्हशींनी. तीनशे साठ वर्षं ती राहिली ती कुणी जतन केली म्हणून नाही. रोज सकाळी कुणीतरी दुधाची किटली घेऊन, कुणीतरी गवताचा भारा घेऊन, कुणी बाळंतिणीला डालग्यात बसवून तिथून गेलं म्हणून राहिली. मराठीत या गोष्टीला एक शब्द आहे, आणि तो आबांच्या तोंडी दिवसातून दहादा असायचा: वहिवाट. कचेरीत त्याचा अर्थ हक्क असा होतो. पूर्वापार वापर आहे, म्हणून हक्क आहे. वाद घेऊन आलेल्या दोन भावांना आबा पहिला प्रश्न विचारायचे तो मालकीचा नसे, "वहिवाट कुणाची?" हा असे.

आपल्या कायद्याला वारसा कळतो तो भिंतीच्या रूपात. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारक ठरतं, २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे त्याच्याभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि पुढे दोनशे मीटर नियंत्रण येतं. बुरूज असेल, तलाव असेल, समाधी असेल तर तिच्याभोवती असं वर्तुळ काढता येतं. वाटेला भिंत नसते. वाटेला तर दगडही नसतो कित्येक ठिकाणी. नुसता दोन शेतांमधला एक सराव असतो. पन्हाळा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, विशाळगड राज्याचं. मधली जमीन काही वनखात्याची, काही गायरान, काही खाजगी मालकीची. ११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. मी घरात एकटी होते, तरी टाळ्या वाजवल्या. नंतर त्या नोंदीचं नाव नीट वाचलं. तिथे नुसतं किल्ले म्हटलेलं नाही, मराठ्यांचे लष्करी भूप्रदेश म्हटलं आहे. भूप्रदेश! म्हणजे गडाइतकीच गडाखालची जमीन, घाट, खिंडी, जंगल. महाराजांची लढाई भिंतींआडून कमी आणि या जमिनीवरून जास्त झाली, हेच तर त्या शब्दात कबूल केलेलं आहे. मग पन्हाळ्याच्या राजदिंडीबाहेर पाऊल टाकलं की तो भूप्रदेश संपतो कसा? विशाळगड त्या यादीत नाही, खिंड नाही आणि दोघांना जोडणारी वाट तर नाहीच.

वाटेला कायद्याने वाट म्हणून ओळखता येतं, हे जगात झालेलं आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८१ साली वॉशिंग्टनची आणि त्याच्या मदतीला आलेल्या फ्रेंच सेनापती रोशांबोची फौज यॉर्कटाउनवर चालून गेली. तो हजारेक किलोमीटरहून लांब मार्ग २००९ मध्ये कायदा करून राष्ट्रीय ऐतिहासिक वाट ठरवला गेला. तो शहरांतून जातो, खाजगी जमिनींतून जातो, नऊ राज्यांतून जातो. सगळी जमीन सरकारने विकत घेतली नाही. पण रेष एक आहे आणि ती सरकारदरबारी मांडलेली आहे.

आमची रेष अजून आबांच्या ट्रेसिंग कागदावर आहे.

मला भीती दोन टोकांची आहे. एक टोक म्हणजे कुंपण. जमिनीला भाव आला आहे, पठाराच्या कडेने शेतघरं होताहेत, आणि गेटच्या आत गेलेली पायवाट पुन्हा बाहेर येत नाही. पूर्वापार रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आता विचार करा: कुणी ऑगस्टमध्ये तारा ओढल्या, तर पुढच्या जुलैत घोषणा देत आलेल्या आम्हाला त्या दिसतील, तोवर मुदत उलटून पाच महिने झालेले असतील. तिथे बारा महिने चालणारं कुणीतरी हवं. वर्षातून एकदा येणाऱ्याची वहिवाट होत नाही.

दुसरं टोक प्रेमाचं आहे, आणि ते जास्त अवघड. पाच-सहा वर्षांपूर्वी एका वाडीच्या अलीकडच्या चढावर मी पोचले तर वाट नव्हतीच. जेसीबीने डोंगर कापून पंधरा फूट रुंद तांबडा पट्टा केला होता. कापलेल्या बाजूला झाडांची मुळं लोंबत होती, खालच्या बाजूला सगळा राडारोडा ढकललेला. जुन्या चढावर पन्नास-साठ पावलं अशी होती की दगड मुद्दाम बसवलेले होते, पायाच्या मापाने, उताराला तिरपे, म्हणजे पाणी कडेला निघून जावं. कोणत्या काळातले ते मला सांगता येणार नाही, पण बसवणाऱ्याला पाणी कळत होतं. ते दगड त्या ढिगात होते. काम कुणाचं, कुणाच्या निधीतून, हे मी इथे लिहीत नाही, कारण माझी खात्री आहे की करणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. यात्रेकरूंची सोय व्हावी, म्हाताऱ्यांना गाडीने जाता यावं. वाडीलाही रस्ता हवाच होता. सर्पदंश झालेल्या माणसाला झोळीतून आणावं लागतं तिथे रस्त्याला नाही म्हणण्याचा मला काय अधिकार? मी तिथे उभी राहून रडले, आणि तरीही मला असंच वाटतं की वाडीला रस्ता मिळाला पाहिजे. फक्त तो त्या पन्नास पावलांवरूनच गेला पाहिजे असं नव्हतं. वीस हात वरून जाऊ शकला असता. पण वीस हात वरून न्या, असं सांगायला कागदावर ती वाट असायला लागते. नव्हती, किंवा असून कुणी नकाशा उघडला नाही.

म्हणून मला वाटतं, सुरुवात स्मारकांनी आणि कमानींनी होऊ नये. खिंडीत उतरायला लोखंडी जिना आहे, तो पुरे. आधी प्रत्येक गावाने आपल्या शिवेतली रेष मोजून, दगड रोवून, ग्रामसभेच्या ठरावात आणि गावनकाशावर पक्की करावी. म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन चालावं, कारण नकाशात सुटलेली वळणं त्यांच्या पायांत आहेत, आणि ती माणसं फार दिवस पुरणार नाहीत. मग पाणी. वाटेचा खरा वैरी पाऊल नाही, वाटेवरून धावणारं पाणी आहे. दर वीस-पंचवीस पावलांवर तिरपा दगड बसवून पाणी उताराला काढून दिलं तर चर खोल जात नाही. हे ज्ञान वाड्यांतल्या माणसांना आहे, भाताच्या खाचरातलं पाणी ते पिढ्यान्‌पिढ्या असंच काढत आले आहेत. पाणंद रस्त्यांना रोजगार हमीतून पैसा मिळतो. तोच पैसा खडी न टाकता, सिमेंट न ओतता, दिवाळीनंतर कारवी छाटायला आणि दगड बसवायला या वाड्यांना मजुरी म्हणून मिळाला तर वाटेवर जानेवारीतही माणूस दिसेल. जुलैतल्या एका दिवशी किती जणांनी जायचं याला मर्यादा हवी. हे ऐकायला अनेकांना आवडणार नाही, मला माहीत आहे. पण मार्गशीर्षातली वाट पाहिलीत का तुम्ही? सप्टेंबरात मसाईवर सीतेची आसवं फुललेली असतात, तेव्हा या. वाडीतल्या पोराला वाटाड्या म्हणून घ्या. त्याच्या घरी जेवा, पैसे द्या. तो इचलकरंजीला गेला नाही तर वाट राहील.

एक गोष्ट टाळून पुढे जाणं बरं होणार नाही. खिंड ओलांडली की विशाळगडाच्या वाटेवर गजापूर लागतं. कासारी नदी त्याच मुलखात उगम पावते. १४ जुलै २०२४ ला, गडावरच्या अतिक्रमणाच्या वादातून जमलेला जमाव त्या गावात शिरला. घरं फोडली, गाड्या फोडल्या, मशिदीची नासधूस केली. तारीख बघा, खिंडीच्या लढाईच्या स्मरणाचा दुसरा दिवस. त्या गावात मी चहा प्यायले आहे, भिजलेले मोजे एका घराच्या चुलीशी वाळवले आहेत, आणि त्या घरातल्या बाईने माझं आडनाव विचारलं नव्हतं. अतिक्रमणाचा प्रश्न कचेरीत, न्यायालयात सुटावा. गडावर बेकायदा काही असेल तर ते हटावं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण महाराजांच्या वाटेवरून चालत जाऊन कुणी वाटेवरचं घर फोडतं, याची मला लाज वाटली आणि अजून वाटते. त्या वर्षी मी पांढरपाण्यावरूनच परत फिरले. पुढच्या वर्षी मुद्दाम गजापुरात मुक्कामाला गेले.

मागच्या मार्गशीर्षात एकटीच निघाले होते. बरोबर आबांचा नकाशा नव्हता, त्याची नवी प्रत होती. माळेवाडीच्या पुढे एका ठिकाणी रेष सरळ खाचरांतून जाते. भात कापून झालेलं, खुंट उभे, जमिनीला भेगा. मला वाटलं, इथे काही सापडायचं नाही, कडेने वळसा घालावा. तेवढ्यात लक्षात आलं की सगळ्या खाचरांचे बांध वीतभर रुंद आहेत आणि एकच बांध दोन हात रुंद आहे. त्यावर गवत आखूड, मधोमध जमीन दबलेली. नांगर त्याच्या कडेपर्यंत आलेला आणि थांबलेला.

शेतकरी वरच्या अंगाला पेंढ्या रचत होते. वयाने साठीच्या पुढचे. मी नकाशा दाखवला, त्यांनी बघितला नाही. म्हणाले, "व्हय, हितनंच वाट हाय. वडील सांगायचे, नांगर घालाय लागलास की तेवढं सोडायचं. सोडतो."

"कुणी जातं का आता?"

"तुमच्यासारखं एकादं." त्यांनी पेंढी खाली ठेवली आणि हाताने उतार दाखवला. "कुठवर निघालायसा?"

"खिंडीपर्यंत."

"मग त्या आंब्याच्या खाली झरा हाय, तितंच पानी भरून घ्या. पुढं आत्ता पांढरपाण्यापातूर मिळायचं न्हाई."